बाण कोणी मारला, हे विचारायचे की नाही?

बौद्ध विचार आणि आधुनिक ईश्वरशास्त्र यांच्या 'संवादा'विषयी मराठीत जे काही तुरळक लिहिले-बोलले जाते, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. पाश्चात्त्य ईश्वरशास्त्रज्ञांनी आकाशातला बाप कधीच मोडीत काढला, हे प्रथम सांगायचे. मग पॉल टिलिखचे नाव घ्यायचे, मग शून्यता, मग जपान, आणि शेवटी सगळ्या वाटा एकाच गावाला जातात या समाधानात चहाला उठायचे. चर्चासत्र मराठी विभागाचे असेल तर मध्ये कुठेतरी ज्ञानेश्वरांची ओवी येते आणि वक्त्याला वेळ मिळाल्यास मर्ढेकरही येतात. येत नाही ते नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भाषेच्या लाखो माणसांनी बुद्धाला आपले म्हटले, त्या भाषेत बुद्ध आणि ईश्वरशास्त्र यांची चर्चा क्योतोमार्गे चालते आणि त्या प्रवासात नागपूर हे स्थानक लागत नाही. हा विसराळूपणा नाही; या संवादाची रचनाच अशी आहे की नागपूर त्यात बसू नये, असा आमचा आरोप आहे. तो सिद्ध करण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

आधी शब्दाचा घोळ. 'थिऑलॉजी'ला मराठीत धड शब्द नाही. 'धर्मशास्त्र' म्हणावे तर ती जागा मनूपासून महामहोपाध्याय पां. वा. काण्यांपर्यंत भरून गेलेली. 'ब्रह्मविद्या' म्हटले की वेदान्त पाठोपाठ आलाच. म्हणून 'ईश्वरशास्त्र' हा शब्द आम्ही वापरतो आणि त्यातली विसंगती आम्हांसही दिसते. ज्याने ईश्वराचा प्रश्न बाजूला सारला त्याच्याशी ईश्वरशास्त्राने काय बोलावे? पण विसाव्या शतकात ईश्वरशास्त्रालाच ईश्वर जड झाला होता. डीट्रिख बोनहॉफर १९४४ साली तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत धर्माविना ख्रिस्तीपण कसे असेल याचा विचार करीत होता. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्याला फासावर चढवले. टिलिखने देवाला जगातल्या इतर वस्तूंसारखी एक वस्तू मानायचे नाकारले आणि देव म्हणजे असण्याचाच तळ, अशी मांडणी केली. अशा ईश्वरशास्त्राला बुद्धाची ओढ वाटावी यात नवल काही नाही. प्रश्न एवढाच की, कोणत्या बुद्धाची?

टिलिखविषयी आमच्या मनात आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९३३ साली नाझी राजवटीने त्याला फ्रँकफर्टच्या प्राध्यापकपदावरून दूर केले. तो न्यूयॉर्कला युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत आला आणि १९५५पर्यंत तेथे शिकवत राहिला. तरुणपणी तो धार्मिक समाजवादी होता आणि न्यायाचा प्रश्न त्याने कधी सोडला नाही. १९६० साली तो जपानला गेला, तिथल्या मठांत आणि विद्यापीठांत पंडितांशी बोलला, आणि परत आल्यावर १९६१मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्याने जी व्याख्याने दिली ती १९६३ साली ग्रंथरूपाने आली. त्यांतले बौद्ध-ख्रिस्ती संवादावरचे प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे. तेथे तो दोन प्रतीके समोरासमोर ठेवतो: देवाचे राज्य आणि निर्वाण. देवाच्या राज्याच्या कल्पनेत इतिहास बदलण्याची, अन्यायी व्यवस्था उलथण्याची प्रेरणा आहे. निर्वाणाच्या कल्पनेत वास्तवापासून सुटका आहे, वास्तवाचे रूपांतर नाही. बौद्ध करुणा दुःखिताशी एकरूप होते, पण समाज पालटण्याची इच्छा तिच्यातून निघत नाही, असे त्याचे म्हणणे.

हा आक्षेप अडाण्याचा नाही. टिलिखसमोर जो बौद्ध बसला होता तो पाहता आक्षेप बराचसा खराही होता. फक्त समोर जो बसला होता तोच बौद्ध, असे टिलिखने धरले. हे सगळे तो कोणत्या विद्यापीठात सांगत होता ते पाहा. भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी १९१३ ते १९१६ या काळात तेथेच शिकून गेला होता. १९५२च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा टिलिख रस्त्यापलीकडच्या सेमिनरीत शिकवत होता. दोघांची भेट व्हायला हवी होती असले स्वप्नरंजन आम्ही करीत नाही. पण बौद्ध धर्मातून समाज बदलण्याची प्रेरणा निघत नाही हे विधान १९६१ साली, धर्मांतराला पाच वर्षे होऊन गेल्यावर, त्या सभागृहात निःशंकपणे करता आले, यावरून 'संवादा'ची यादी कोण तयार करते ते कळते.

यादी तयार करणारे पुढच्या पिढीतही तेच राहिले. निशितानी केइजी यांचा 'धर्म म्हणजे काय' हा ग्रंथ १९६१ साली जपानीत आणि १९८२ साली इंग्रजीत आला आणि शून्यता हा पाश्चात्त्य ईश्वरशास्त्राचा घरगुती शब्द झाला. मासाओ आबे यांनी पुढचे पाऊल टाकले. ख्रिस्ताने आपले देवपण रिते केले, दासाचे रूप घेतले, असे पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे. हे रितेपण आणि बौद्धांची शून्यता यांचा सांधा आबे यांनी जुळवला. १९९० साली 'द एम्प्टिइंग गॉड' या ग्रंथात त्यांचा दीर्घ निबंध आणि त्यावर ख्रिस्ती व ज्यू विचारवंतांचे प्रतिसाद एकत्र प्रसिद्ध झाले. तर्क देखणा आहे. देवही रिता, बुद्धही रिता, तर भांडण कशाला?

भांडण कशाला, याचे उत्तर त्याच निबंधात आहे. आबे यांना आउश्विट्झबद्दल बोलावे लागले, कारण १९४५नंतरचे कोणतेही ईश्वरशास्त्र तो प्रश्न टाळू शकत नाही. त्यांचे उत्तर असे: व्यवहाराच्या, नीतीच्या पातळीवर अपराधी आणि बळी हा भेद खरा आहे, परंतु अंतिम पातळीवर आपण सारे एकाच अविद्येत आणि सामुदायिक कर्मात गुंतलेले आहोत, म्हणून त्या संहाराच्या जबाबदारीतून मीही सुटत नाही. बोलणारा माणूस प्रामाणिक आहे. तो स्वतःलाही सोडत नाही. पण स्वतःला गोवण्याच्या या उदारपणात छळछावणीचा अधिकारी आणि तिथे मेलेले मूल यांच्यातला भेद तळमजल्यावर राहतो आणि वरच्या मजल्यावर सगळे एकाच जाळ्याचे धागे होतात. ज्यू विचारवंत यूजीन बोरोविट्झ यांना हे मान्य होणे शक्य नव्हते, आणि त्यांनी तसे त्याच ग्रंथात सांगितले.

दोन मजल्यांची ही इमारत मराठी वाचकाला अपरिचित नसावी. पारमार्थिक आणि व्यावहारिक ही जोडी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पारमार्थिक पातळीवर सर्वांभूती एकच आत्मा. व्यावहारिक पातळीवर विहीर वेगळी. अद्वैताने अस्पृश्यता निर्माण केली असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तिच्याबरोबर शतकानुशतके सुखाने नांदण्याची सोय अद्वैताने करून दिली, हे नाकारायला बराच निगरगट्टपणा लागेल. शून्यतेची नवी मांडणी वाचताना आम्हांला सारखे जाणवत राहते की, हा जिना आपल्या ओळखीचा आहे.

ही नुसती उपमा आहे असे कोणाला वाटेल म्हणून जपानमधल्या थडग्यांची हकीकत सांगतो. जपानमध्ये कातडे कमावणे, जनावरे कापणे, मृतांची विल्हेवाट लावणे ही कामे ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारली गेली त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. तिकडे माणूस मेल्यावर बौद्ध पुरोहित त्याला नवे धर्मनाम देतो. ते मंदिराच्या वहीत आणि थडग्याच्या दगडावर लिहिले जाते. बुराकु वस्तीतल्या मृतांना पुरोहितांनी दिलेल्या नावांत 'पशू', 'चामडे' अशा अर्थाची अक्षरे घातलेली सापडली. मेल्यानंतरही जात कळावी ही व्यवस्था. या अक्षरांत एक शब्द होता, 'सेन्दारा'. हा मूळचा जपानी शब्द नव्हे. हा आपला 'चांडाल'. बौद्ध सूत्रांच्या भाषांतरांबरोबर तो भारतातून चीनला आणि चीनमधून जपानला गेला. अमितायुर्ध्यानसूत्रात राजा अजातशत्रू आईवर तलवार उगारतो तेव्हा मंत्री त्याला अडवतात आणि मातृहत्या हे चांडालाचे कृत्य असल्याचे सुनावतात. त्या एका शब्दाच्या आधारे भाष्यकारांनी आणि प्रवचनकारांनी जपानमधल्या जिवंत माणसांकडे बोट दाखवले. आपल्याकडून जगाला शून्य गेले हे आपण अभिमानाने सांगतो. हेही गेले.

१९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जागतिक धर्म-शांतता परिषदेत सोतो झेन पंथाचे प्रमुख माचिदा मुनेओ यांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकु संघटनांनी त्यांना जाब विचारला. पुढे त्यांनी विधान मागे घेतले, आणि पंथाला आपल्या मंदिरांतल्या वह्या नि थडगी तपासण्याची वेळ आली. या धक्क्यातून सोतो पंथाच्याच कोमाझावा विद्यापीठातले दोन विद्वान, हाकामाया नोरिआकी आणि मात्सुमोतो शिरो, १९८०च्या दशकात एका विलक्षण निष्कर्षाला आले. आपल्या पंथाच्या विचारातच खोट आहे, असे ते म्हणू लागले. सर्व काही मुळातच बुद्ध आहे, गवत, झाड, दगडसुद्धा, हा जो मूलबोधाचा सिद्धान्त पूर्व आशियात लाडका झाला, तो समतेचा दिसतो पण आहे तसे जग मान्य करून टाकतो. सगळेच मुळात परिपूर्ण असेल तर बदलायचे काय? उच्चाचे उच्चपण आणि नीचाचे नीचपण त्या एकाच मूळ तत्त्वाचे आविष्कार ठरतात. हा बौद्ध विचारच नव्हे, प्रतीत्यसमुत्पाद आणि अनात्म एवढाच बौद्ध विचार, असे त्यांनी ठणकावले. त्यांची मते टोकाची असल्याचे म्हटले गेले, आणि काही बाबतींत ती आहेतही. परंतु थडग्यावरचा शब्द आणि ग्रंथातला सिद्धान्त यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांनी आपल्याच घरात विचारला. आपल्याकडच्या किती वेदान्तनिष्ठ प्राध्यापकांनी तो विचारला आहे, ते वाचकांनी मोजावे. फार वेळ लागणार नाही.

येथे शून्यतेची बाजूही मांडायला हवी, नाहीतर आम्ही तिच्यावर अन्याय केला असे होईल. नागार्जुनाची शून्यता म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेले एक उबदार तत्त्व नव्हे. त्याचे म्हणणे इतकेच की कोणत्याही वस्तूला स्वतःचा, स्वतःपुरता, न बदलणारा 'स्वभाव' नाही. जे आहे ते इतर कारणांवर अवलंबून आहे. आता गीतेचा अठरावा अध्याय आठवा. चार वर्णांची कर्मे तेथे कशाच्या आधारे वाटली आहेत? स्वभावातून उपजलेल्या गुणांच्या. म्हणजे चातुर्वर्ण्य ज्या खुंटीला टांगले आहे ती खुंटी स्वभावाची, आणि नागार्जुन नेमकी तीच उपटतो. ज्याला स्वभाव नाही ते घडवलेले असते, आणि घडवलेले मोडता येते. शून्यता अशी वाचली तर ती समाजक्रांतीची भाषा होते. आंबेडकरांनी ती अशीच वाचली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शून्यतेला त्यांनी फार जागा दिलेली नाही, पण जी दिली तीत मुद्दा स्वच्छ आहे: शून्यवाद म्हणजे काहीच नाही असे म्हणणे नव्हे, सर्व काही क्षणोक्षणी बदलते म्हणूनच काहीतरी होणे शक्य असते. क्योतोमध्ये जी शून्यता युरोपच्या निरर्थकतेवर औषध म्हणून वाटली गेली, ती इथे खुंटी उपटण्याच्या कामी आली. दोन्ही ठिकाणी शब्द एक. ईश्वरशास्त्राने औषध उचलले, हत्यार पाहिलेही नाही.

आता बाणाकडे येतो. मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तातला दृष्टान्त आमच्या वाचकांना ठाऊकच असेल. मालुंक्यपुत्त भिक्षू हट्ट धरतो: जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, हे सांगा, नाहीतर मी निघालो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगतात. वैद्य आणला आहे, आणि जखमी म्हणतो, बाण मारणारा कोण, त्याचे नाव-गोत्र काय, तो उंच की बुटका, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तो माणूस हे कळण्याआधीच मरेल. आधुनिक ईश्वरशास्त्रज्ञांना हा दृष्टान्त अतिशय प्रिय आहे, कारण ईश्वर आहे की नाही या त्यांना छळणाऱ्या प्रश्नातून तो सोडवतो. पण त्या जखमी माणसाच्या प्रश्नांच्या यादीत आणखी एक प्रश्न आहे, आणि भाष्य करणारे बहुतेक त्यावरून भरभर पुढे जातात. बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? तोही प्रश्न बुद्ध निरुपयोगी ठरवतात.

एकाच बाणाची गोष्ट असेल तर बुद्धांचे बरोबर आहे. जखम आधी. पण समजा बाण रोज येतात. समजा ते गावाच्या एकाच बाजूने येतात आणि गावाबाहेरच्या एकाच वस्तीवर पडतात, बापावर पडले तसे मुलावर, आणि मुलाच्या अंगातला काढीपर्यंत नातवाला लागलेला असतो. अशा वेळी बाण काढणारा वैद्य कितीही करुणावान असो, मारणारा कोण हे न विचारणे ही करुणेतली फट ठरते. आमच्या वाचनाप्रमाणे आंबेडकरांचा बुद्ध हा मज्झिम निकायातला वैद्यच आहे, फक्त त्याने बाणांची दिशाही पाहिली आहे. दुःख आहे, हे सत्य त्याने टाकलेले नाही. परंतु दुःख कुठून येते याचे उत्तर तृष्णा या एका शब्दावर संपवायला तो तयार नाही. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच आंबेडकर चार शंका उभ्या करतात: सिद्धार्थाने घर का सोडले, चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत का, आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्षू नेमका कशासाठी. यांतली तिसरी शंका ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हा सिद्धान्त ते नाकारतात, आणि कारण देतात ते तर्काचे तसेच राजकारणाचे: दरिद्री आणि दीन यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्यसंस्थेला झटकता यावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग. बुद्धासारखा महाकारुणिक असे काही शिकवील यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

हे वाक्य १९५६पूर्वी लिहिले गेले आहे. आबे यांचा सामुदायिक कर्माचा निबंध १९९०चा. म्हणजे आउश्विट्झबद्दलच्या त्या उत्तराला जे प्रत्युत्तर द्यायचे ते बौद्ध परंपरेच्या आतूनच तीन दशकांहून अधिक आधी दिले गेले होते. खुद्द जपानमध्येही ते त्याहून आधी दिले गेले होते. उचियामा गुदो हा सोतो पंथाचा खेड्यातला पुरोहित. कुळे दरिद्री आहेत ती पूर्वकर्मामुळे नव्हे, असे त्याने १९०८च्या सुमारास गुप्तपणे छापलेल्या पत्रकात लिहिले. जानेवारी १९११मध्ये त्याला राजद्रोहाच्या खटल्यात फाशी झाली. त्याआधीच पंथाने त्याला भिक्षुपदावरून काढून टाकले होते. ते पद त्याला परत मिळाले १९९३ साली. क्योतोतल्या तत्त्वज्ञांवर जगभर प्रबंध लिहिले जात असताना हा माणूस बहिष्कृतच होता. निशितानी स्वतः १९४२च्या युद्धकाळात 'आधुनिकतेवर मात' या परिसंवादात सहभागी होते, हेही ज्यांना शून्यतेचे राजकारण नसते असे वाटते त्यांनी लक्षात ठेवावे.

आमच्या मांडणीवर दोन आक्षेप येतील आणि ते दोन विरुद्ध दिशांनी येतील. पहिला: आंबेडकरांचा बुद्ध हा खरा बुद्ध नव्हे, त्यांनी आपल्या सोयीने बदललेला बुद्ध आहे. हा आक्षेप ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाल्यापासून चालू आहे, आणि तो बौद्ध देशांतल्या बौद्धांनीही घेतला आहे. याला आमचे उत्तर असे की, मग बदललेला नसलेला बुद्ध दाखवा. नागार्जुनाने बदलला, चीनने बदलला, जपानने बदलला. आमच्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीही म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा बाजूला सारली आणि अत्तदंड सुत्ताच्या आधारे शस्त्रांची, आपसातल्या हाणामारीची किळस हे गृहत्यागाचे कारण मानले. आंबेडकरांनी ती दिशा पुढे नेली आणि रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचे भांडण, शाक्य संघातले मतदान, सिद्धार्थाचा युद्धाला विरोध आणि देशत्याग असे प्रकरण उभे केले. पाण्यावरून सुरू होणारे बुद्धचरित्र महाडच्या सत्याग्रहाच्या नेत्याने लिहावे, हे ज्याला योगायोग वाटते त्याने वाङ्मयाच्या वाटेला जाऊ नये. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रज्ञाने येशूचा अर्थ नव्याने लावला की त्याला पुनर्व्याख्या म्हणायचे आणि आंबेडकरांनी बुद्धाचा लावला की मोडतोड म्हणायचे, हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो. हे ईश्वरशास्त्र वगैरे नव्हे, ही समाजक्रांती आहे. तिला धर्मचिंतनाच्या खोलीत कोंडू नका. या भीतीमागचे कारण आम्हांला समजते. पण ग्रंथाचे योजलेले पहिले नाव 'द बुद्धा अँड हिज गॉस्पेल' असे होते. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. एका हातात धरता येईल असा बौद्धांचा ग्रंथ हवा, असे आंबेडकर १९५० साली लिहीत होते. येशू, महंमद आणि कृष्ण यांच्याशी बुद्धाची तुलना करून, हा मोक्ष देणारा नव्हे, मार्ग दाखवणारा आहे, असे सांगत होते. हे सर्व ज्याला ईश्वरशास्त्राचे प्रश्न दिसत नाहीत त्याला सुचणार नाही. ईश्वर नाकारूनही धर्म, कर्म, मुक्ती, पुरोहित या प्रत्येक शब्दाशी त्यांनी समोरासमोर झुंज घेतली. ती झुंज कोणत्या पंगतीत बसते ते पाहायचे असेल तर १९६९-७० साली जेम्स कोन या कृष्णवर्णीय ईश्वरशास्त्रज्ञाने काय लिहिले, १९७१ साली पेरूच्या गुस्तावो गुतिएरेझने काय लिहिले आणि १९८१ साली बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची हाक कशी दिली, ते शेजारी ठेवून वाचावे. कोन तर टिलिखच्याच युनियन सेमिनरीत शिकवत होता. देव कोणाच्या बाजूने आहे, हा प्रश्न या तिघांनी विचारला. बाण कोणाच्या बाजूने येतात, हा प्रश्न आंबेडकरांनी देवावाचून आणि त्यांच्याआधी विचारला.

आमच्या विभागांत हा ग्रंथ कुठे असतो? दलित साहित्याच्या पत्रिकेत 'प्रेरणा' या मथळ्याखाली दोन ओळींत असतो. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत त्याचे नाव लिहितो आणि गुण मिळवतो. उघडून पाहिलेला क्वचित भेटतो. वस्तीतल्या विहारात मात्र वर्षावासात तो ओळीने वाचला जातो, बायाबापड्या ऐकतात. तेथे वाद घालायची रीत नाही आणि वर्गात वाचायची रीत नाही, अशा पेचात एक मोठा ग्रंथ अडकला आहे. दरम्यान वर्गातला बुद्ध हायकूच्या तळ्याकाठी बसलेला असतो आणि सुटीतला बुद्ध इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिरात असतो. यांतल्या कोणाशीही आमचे वैर नाही. हे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत, ही आमची तक्रार आहे, आणि ओळख करून देण्याचे काम ज्यांच्याकडे पगारी सोपवलेले आहे ते आपण आहोत.

एक प्रश्न उरतो, आणि तो विरोधकांनी विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा. बाण मारणारे सगळे हात थांबले तरी माणूस म्हातारा होईल, आजारी पडेल, मरेल. टिलिखने १९५२ साली 'द करेज टु बी' लिहिले ते या भयाविषयी: मृत्यूचे, अर्थहीनतेचे, अपराधाचे भय. म्हातारा, रोगी आणि प्रेत यांना गृहत्यागाच्या कथेतून काढून टाकणाऱ्या बुद्धचरित्रात या भयाला जागा कुठे? शून्यतेचे औषध ज्या दुखण्यावर आहे ते दुखणे खोटे नाही, आणि ते वस्तीतही असते. ते फक्त क्योतोच्या बागेत किंवा प्राध्यापकांच्या वसाहतीत होते असे मानणे हा उलटा जातीयवाद झाला. अर्थहीनतेची चैन आम्हांला परवडत नाही, असे आमचे काही मित्र म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. ज्याचे मूल मेले आहे त्याला ती परवडण्या न परवडण्याचा प्रश्नच नसतो.

ग्रंथाच्या उत्तरार्धात, आठव्या खंडात, आंबेडकरांनी बुद्धाच्या माणूसपणाचे भाग एकत्र केले आहेत. तेथे नातीच्या मृत्यूने कोसळलेली विशाखा आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत दारोदार फिरणारी किसा गोतमी आहे, आणि ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण असे तिला सांगणारा बुद्ध आहे. कर्माचा हिशेब मांडून, पुनर्जन्म खोडून, आर्यसत्यांवर शंका घेऊन झाल्यावरही संपादनाच्या कात्रीतून ही बाई सुटली. तिच्या मुलाचा बाण कोणी मारला होता हे ना सूत्रकार विचारतात ना आंबेडकर. वर्गात या ग्रंथाची सुरुवात आम्ही या पानापासून करावी आणि मग मागे जात रोहिणीच्या पाण्यापर्यंत यावे, असे आम्हांस वाटते. पुढल्या सत्रात एका तुकडीला तसे शिकवून पाहणार आहोत; अभ्यासमंडळाची हरकत असल्यास ती लेखी यावी.